ज्याचं कुलूप त्याची चावी

महाड, २८ जून

निशा,

जयभीम. राजेंद्रने तुझा निरोप पोचवला. फोन तू उचलणार नाहीस, जे काय सांगायचं ते मी लिहून पाठवायचं. "सोळा वर्षं फोनवरचा नवरा ऐकला, आता पुरे," असं तू म्हणालीस म्हणे. निरोप सांगताना तुझा भाऊ माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता. म्हणजे तू आणखीही काही म्हणाली असणार आणि त्याने ते गाळलं असणार. भला माणूस आहे.

कतारहून मी तुझ्याशी रोज बोलायचो. आता पोलादपूर एसटीने अर्ध्या तासावर आलं, तर मी कागद पुढ्यात घेऊन बसलोय. राजेंद्रची एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की तो इकडून जाईल आणि हे तुला नेऊन देईल. मेहुणा पोस्टमन म्हणून मिळायला नशीब लागतं.

मी ठीक आहे. वरण स्वतः करतो. कॅम्पात मेस होती, त्यामुळे माझ्या हातचं वरण मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पहाटे आपोआप जाग येते, तोंड धुऊन मी बूट चढवतो आणि मग आठवतं की ड्युटीची बस येणार नाहीये. काल किराणावाल्याला तिकडच्या सवयीने "खलास" म्हणालो, म्हणजे झालं, आणखी काही नको, तो म्हणाला, "काय खलास?" श्रुतिका पनवेलहून फोन करते, "पप्पा, जेवलात का?" एवढं विचारते आणि ठेवते. तिच्या आवाजावरून कळतं की तीही तुझ्याच बाजूची आहे.

आता पेटीचं. मी काय केलं? आपल्या घरची पत्र्याची पेटी शेजारच्या घरात होती, ती आपल्या घरी आणली. यात मी कुणाचं घोडं मारलं ते मला अजून कळलेलं नाही. मृग लागला की गल्लीतल्या तळमजल्यावरच्या सगळ्यांच्या पेट्या पुराच्या भीतीने शेजारच्या सुंदराबाईंच्या माडीवर जातात, हे मला कसं ठाऊक असणार? माझी सुट्टी कायम थंडीतली. महाडचा पाऊस इतकी वर्षं मी तुझ्या फोनमध्ये पाहिला, आणि त्यातही तू कॅमेरा नेहमी चुलीकडे नाहीतर श्रुतिकाकडे वळवायचीस.

एवढ्यावरून कुणी माहेरी जातं का?

बुद्धरत्न


महाड, ३ जुलै

निशा,

मागच्या पत्रावर तुझा निरोप आला, "अर्धंच लिहिलंय." राजेंद्रने तो सांगितला आणि वर स्वतःचं जोडलं, "भावोजी, ती तितंच हुती ना? मग तिला अर्धं सांगून काय फायदा?"

बरं. पूर्ण लिहितो.

पेटी आणायला वर गेलो तेव्हा सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या. भिंतीला सगळ्यांच्या पेट्या ओळीने लावलेल्या. मी आपली ओळखली. कुलूप आपलं, मी मागच्या सुट्टीत दिलेलं. म्हटलं, चावी? तर त्यांनी कमरेचं जुडगं काढलं. त्यात दहा घरांच्या चाव्या, पेट्यांच्या आणि काही दारांच्याही, कुणाला लाल दोरा, कुणाला चिंधी, आणि त्यात आपली. आपल्या पेटीची चावी दुसऱ्याच्या कमरेला बघितली आणि माझं डोकं सणकलं. का ते आत्ता लिहीत नाही.

मी पेटी तिथेच उघडली. तुझे दागिने, घराचे कागद, श्रुतिकाच्या मार्कशीटा, तिची औषधं, सगळं काढून त्यांच्या जमिनीवर मांडलं आणि एकेक बघितलं.  सुंदराबाई ताट बाजूला सारून म्हणाल्या, "बघून घे. नीट बघून घे." मी नीट बघून घेतलं. सगळं होतं. तेवढ्यात तू जिन्यावरून आलीस आणि दारातच थांबलीस.

हे पूर्ण झालं. कतारला मला रोज हेच काम होतं. कुणीही काही म्हणो, आपण उघडून बघायचं. तपासणाऱ्यावर प्लँटमध्ये कुणी रागावत नाही. उलट ज्याचं तपासलं तो "थँक्यू सर" म्हणतो. इथे तपासलं की बाई माहेरी जाते.

तू त्या दिवशी जिन्यात म्हणालीस, "घर तुमचं आहे, पण ही गल्ली माझी आहे." ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता घरात एकटा असतो, तेव्हा ते ऐकू येतं. गल्लीतून जाताना बायका बोलायच्या थांबतात. काशीराम मामांना ऐकू येत नाही, त्यामुळे तेवढे एकटे माझ्याशी पूर्वीसारखे बोलतात.

आणखी एक. मुंबईहून एजंटचा फोन होता. तीच कंपनी, तेच काम, दोन वर्षांचा करार, महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचं.  तू मागे म्हणाली होतीस ते लक्षात आहे, की परत जायचं तर खुशाल जा, पण मग पुन्हा घरी आलो असं म्हणू नका. मी अजून ठरवलेलं नाही. खोटं कशाला बोलू, फोन आला तेव्हा बरं वाटलं. तिथे मला काय करायचं ते कळतं.

बुद्धरत्न


महाड, ११ जुलै

निशा,

काल आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. मी पांढरा सदरा घालून गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. सुंदराबाई पुढे होत्या. वंदना झाल्यावर सगळे एकमेकांशी बोलत होते, मी चपला शोधत होतो. एक चप्पल सापडायला माणसाला किती वेळ लागतो, पण मी लावला.

आज सकाळीच एक काम केलं. पेटी परत घेऊन वर गेलो. म्हटलं, मामला मिटवू. जिन्यावर तिचा पत्रा कठड्याला घासला आणि अख्ख्या गल्लीला कळलं. सुंदराबाईंना म्हणालो, "काकी, ठेवून घ्या. माझं चुकलं असेल."

त्यांनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आनि चावी?"

चावी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "चावी माझ्याकडे राहू दे. लागली तर मी आहेच की खाली."

"तू हायस खाली. आनि पानी आल्यावर?" त्यांनी पायानेच पेटी जिन्याकडे सरकवली. "चावीबिगर पेटी म्हंजे धोंडा. दुसऱ्याचा धोंडा सांभालायला माजी माडी काय डोंगर हाय? न्हे परत."

मी परत नेली. उतरतानाही ती कठड्याला घासली.

तू हसशील. हस. मला राग आला होता, तुझ्यावरही. पेटी न्यायची ठरवली तेव्हा वाटलं होतं, एवढं केलं की तू येशील. मग जिना उतरताना लक्षात आलं, की मी सुंदराबाईंसाठी गेलोच नव्हतो. तुझ्यासाठी गेलो होतो, आणि तेही त्यांना कळलं होतं.

पाऊस धरून आहे. नदी काठाला लागलेली नाही, पण पुलावर बघ्यांची गर्दी असते. शेजाऱ्यांनी फ्रिज विटांवर चढवले. मीही आपला चढवला. एकट्याने चढवला म्हणून पाठ धरली आहे.

एजंटचा पुन्हा फोन आला. म्हणाला, पासपोर्टची कॉपी पाठवून ठेवा, पुढचं पुढे. मी पाठवली.

बुद्धरत्न


महाड, १५ जुलै

निशा,

पासपोर्टचं वाचून तू पत्र घडी घालून डब्याखाली ठेवलंस आणि दिवसभर भाताच्या लावणीला गेलीस, असं राजेंद्र म्हणाला. "काय निरोप?" विचारलं तर म्हणाला, "निरोप काय नाय. पन भावोजी, तुमी तिला खरं काय ते सांगा. तुमच्या डोक्यात चावीचं काय हाय? मला पन कललं नाय ते."

म्हणून लिहितो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिथे आमच्या प्लँटमध्ये मोठ्या टाक्या असतात. आत ढवळायचा पंखा असतो, माणसाच्या दुप्पट उंचीचा. टाकी साफ करायला माणूस आत उतरतो. उतरण्याआधी पंख्याचं बटण बंद करून त्याला प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावायचं आणि स्वतःची चावी गळ्यात घालून आत जायचं. जोवर त्याचं कुलूप आहे तोवर पंखा सुरू होत नाही. ज्याचं कुलूप त्याची चावी. भावाला द्यायची नाही, साहेबाला द्यायची नाही, देव मागायला आला तरी द्यायची नाही. नव्या माणसांना मी हे शिकवायचो. हिंदीत शिकवायचो, मोडक्या अरबीत शिकवायचो, शेवटी हाताने गळा दाखवून शिकवायचो.

पूर्णबहादूर नेपाळचा. माझ्याच खोलीत खालच्या पलंगावर. त्याला मी स्वतः शिकवलं होतं. आत उकाडा फार, घामाने दोरी मानेला काचते, म्हणून त्याने चावी काढून बाहेरच्या जोडीदाराकडे दिली. जोडीदाराची शिफ्ट संपली, त्याने ती पुढच्या माणसाला दिली. पुढच्या माणसाला वाटलं, चावी बाहेर आहे त्याअर्थी माणूसही बाहेर आला. त्याने कुलूप काढलं.

यात वाईट माणूस एकही नव्हता. चावी विश्वासाने दिली आणि विश्वासाने घेतली. मी बटणापर्यंत धावलो, पण तोवर झालं होतं. पुढचं लिहीत नाही.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला. तू नवे पडदे दाखवत होतीस. निळे. मी म्हणालो, छान आहेत. तू विचारलंस, आवाज असा का? मी म्हणालो, एसीमुळे. मग तू पडद्याचं कापड हाताने चाचपून दाखवलंस आणि मी ते बघत राहिलो, कारण फोन ठेवला असता तर खोलीत खालचा पलंग होता.

तुला का नाही सांगितलं? तू तिथे काय करणार होतीस? फोनवर रडून झालं की रीचार्ज संपतो, एवढंच होतं. चांगलं ते सांगायचं, असं आपण दोघांनीही न बोलता ठरवलेलं होतं.

सुंदराबाईंच्या जुडग्यात आपली चावी बघितली तेव्हा मला आपली पेटी दिसत नव्हती. हे सबब म्हणून लिहीत नाही. त्यांचा अपमान झाला तो झालाच. पण तू विचारलं होतंस, "एवढं काय आहे त्या चावीत?" आणि मी म्हणालो होतो, "काही नाही, नियम आहे." ते खोटं होतं.

बुद्धरत्न


महाड, १९ जुलै

निशा,

तुझा निरोप मिळाला. "हे मला नको, त्यांना सांगा." राजेंद्र म्हणाला की पत्र वाचून तू चहा तसाच ठेवून बांधावर जाऊन उभी राहिलीस. चहा त्याने प्यायला.

काल दुपारी वर गेलो. पेटी नेली नाही, नुसता गेलो. सुंदराबाईंना पूर्णबहादूरचं सांगितलं. त्यांना प्लँट म्हणजे काय, पंखा म्हणजे काय, हे सगळं ताक घुसळायच्या रवीवरून समजावलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "त्याला पोरं?" म्हटलं, दोन. त्यांनी निवडायच्या तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं.

मग म्हणाल्या, "निशानं तुला सांगितलं नाय?"

म्हटलं, काय?

तेव्हा मला कळलं, निशा. मोठ्या पुराच्या दिवशी तेव्हा तू काम करायचीस त्या शाळेच्या ऑफिसात अडकली होतीस आणि मधला रस्ता पाण्याखाली होता. श्रुतिका एकटी माडीवर, सुंदराबाईंजवळ. लाइट नाही, फोन नाही. तिला दम लागला. ओठ निळे पडले, असं सुंदराबाई म्हणाल्या. तिचा दम्याचा पंप पेटीत होता. "चावी व्हती म्हनून," त्या म्हणाल्या. "नायतर मी वरवंटा घेऊन कुलूप फोडीत बसले असते, आनि तवर पोरगी..."  तांदळात बोटं फिरवत राहिल्या.

नंतर नेटवर्क आलं तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "पाणी ओसरलं. श्रुतिका मजेत आहे. गाद्या तेवढ्या गेल्या." मी दोन दिवस बातम्या बघत ड्युटी केली होती. तरी मी तुला काय विचारलं? फ्रिज वाचला का. आणि तू म्हणालीस, वाचला. तो वाचलाच नव्हता, हो ना? हा नवा आहे.

मला तुझा राग आला. मग हसूही आलं. मग रडलो, तिथेच त्यांच्या जमिनीवर बसून. सुंदराबाई म्हणाल्या, "रड, पन तांदलात नको." तू लपवलंस, मी लपवलं. फिटंफाट म्हणायचं तर म्हणू, पण मला तसं वाटत नाही. माझी मुलगी मरता मरता वाचली आणि ज्या बाईने तिला वाचवलं तिच्यासमोर मी दागिने मोजत बसलो. हे मला कुठे ठेवायचं ते कळत नाहीये.

खाली आलो, पेटी वर नेली. चावी त्यांच्या हातात दिली. देताना हात घट्ट झाला, खोटं नाही सांगत. त्यांनी माझी बोटं उघडली.

इथे संपलं असतं तर मी आजच पहिल्या एसटीने तुला आणायला येणार होतो. सदरा इस्त्री करून ठेवला होता. पण सुंदराबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलगा आज सकाळी त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला, पंधरवडाभर तरी येणार नाहीत. निघताना त्यांनी जुडगं काढलं आणि माझ्या हातात दिलं. सगळ्या चाव्या, आणि वर माडीची.

मी म्हटलं, काकी, मला नको, गल्लीत दुसरं कुणी नाही का?

"दिवसभर रिकामा तूच हायस," त्या म्हणाल्या. मग रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "आनि ज्याला चावीचं येवडं भ्या, तो ती हरवनार नाय."

गल्ली दारात उभी राहून ऐकत होती.  थोड्या वेळाने समोरची आवडी आली आणि म्हणाली, "बुद्धादादा, माज्या पेटीत आईच्या शुगरच्या गोल्या हायत, निल्या डब्यात. ठावं असू दे."

एजंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं. म्हटलं, दहा घरांच्या चाव्या माझ्याकडे आहेत, सोडून येता येत नाही. त्याला वाटलं मी चाळ विकत घेतली. अभिनंदन म्हणाला.

तर मला येता येत नाही. नगरपालिकेची गाडी आज दोनदा पुराचा भोंगा वाजवत फिरली आणि घाटात पाऊस फार आहे म्हणतात. तुला आणायला मी आलो नाही, असं धरू नकोस. पण जुडगं ज्याच्याकडे त्यानेच सगळ्यांना माडीवर न्यायचं म्हणतात, आणि मला कळत नाहीये, भोंगा झाला की आधी कुणाकडे जायचं. हे शिकवणारं इथे कुणी नाही.

बुद्धरत्न


पोलादपूर, २० जुलै

अहो,

राजेंद्र दारात गाडी चालू ठेवून उभा आहे, म्हणून घाईत लिहिते.

भोंगा ऐकून धावू नका. पहिला भोंगा नुसता सांगायला असतो. कोपऱ्यावरच्या गटारातून पाणी उलटं यायला लागलं की निघायचं. आधी काशीराम मामा. त्यांना ऐकू येत नाही, दार वाजवून उपयोग नाही, लाल दोऱ्याची चावी त्यांच्या घराची आहे, आत जाऊन खांद्याला हात लावून उठवा. मग आवडीची आई, तिला दोघांनी उचलावं लागतं. पाठ धरली आहे तर एकट्याने उचलू नका. माडीवर प्यायचं पाणी आजच भरून ठेवा, नंतर नळ बंद होतो. पेटीत पंप आहे तो जुना, फेकू नका.

फ्रिज गेला होता. हो.

पूर्णबहादूरचं घर कुठे आहे ते माहीत असेल तर सांगा. आपण त्याच्या बायकोला काहीतरी कळवू.

इथली लावणी अर्धी राहिली आहे, आईला टाकून निघता येत नाही. मी गुरुवारी येते, माझी मी येते. त्याआधी पाणी वाढलं तर माझी वाट बघू नका, सगळ्यांना घेऊन वर जा.

निशा